माहितीपर लेखनाचा आराखडा करायला मुलांना कसे शिकवावे?

प्रश्न : मराठीची शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा

नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत आठवी आणि नववीला मराठी शिकवते. आजवर माझी निबंध शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. विषय फळ्यावर लिहायचा, त्याखाली सहा-सात मुद्दे द्यायचे, प्रस्तावना, विस्तार आणि समारोप हे तीन भाग समजावून सांगायचे आणि मुलांना लिहायला बसवायचे. या पद्धतीने मुले लिहितात, परंतु वर्गातल्या ४२ वह्या तपासताना एकच निबंध ४२ वेळा वाचल्यासारखे वाटते आणि त्यात त्या मुलाचे स्वतःचे असे काही सापडत नाही.

यंदा मी मुद्दे द्यायचे नाहीत असे ठरवले. नववीच्या वर्गाला गावाबाहेरच्या एका गुऱ्हाळावर नेले. मुलांनी दोन तास सगळे मन लावून पाहिले, प्रश्न विचारले, वहीत टिपणे घेतली. दुसऱ्या दिवशी 'आमच्या गावातील गुऱ्हाळ' या विषयावर त्यांना हवे तसे लिहायला सांगितले. त्यांपैकी एका हुशार मुलाच्या वहीतला मजकूर जसाच्या तसा देते (त्यातली काहिल म्हणजे रस आटवण्याची मोठी कढई, चुलवाण म्हणजे तिच्याखालची भट्टी आणि गुळव्या म्हणजे गूळ करणारा जाणता कारागीर) :

'भारत हा कृषिप्रधान देश आहे. आमच्या गावात ऊस भरपूर पिकतो. आम्ही नऊ वाजता गुऱ्हाळावर पोहोचलो. काहिल खूप मोठी होती. गुळात लोह असते. मालकांनी आम्हाला रस दिला. चिपाडे वाळवून चुलवाणात घालतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुळव्याकाका पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी करून पाहतात. म्हणून आपण सर्वांनी रोज गूळ खाल्ला पाहिजे.'

यातले प्रत्येक वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे आणि माहितीही खरी आहे. तरीही हा निबंध झालेला नाही, कारण कोणतेही वाक्य उचलून दुसरीकडे ठेवले तरी काही बिघडत नाही. मुद्दे दिले तर सगळ्यांचे लेखन सारखे होते आणि नाही दिले तर असे विस्कळीत होते. लिहिण्यापूर्वी विचारांची मांडणी करणे ही गोष्ट प्रत्यक्ष वर्गात कशी शिकवावी, याविषयी अनुभवी शिक्षकांनी आणि लेखनाशी संबंधित मंडळींनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती. हे सर्व बोर्डाच्या परीक्षेच्या चौकटीत कितपत बसेल, तेही कळले तर बरे होईल.

उत्तर : निवृत्त शिक्षक, सातारा

बाई, आपण वर्गाला गुऱ्हाळावर नेलेत, तिथेच निम्मे काम झाले आहे. ज्या विषयाची माहिती मुलांजवळ नाही, त्याचा आराखडा त्यांना कितीही शिकवला तरी व्यर्थ असतो. रिकाम्या पोत्याला शिवण घालण्यासारखेच ते.

मला दिसते ती अडचण अशी की, मुद्दे फळ्यावर लिहून देतो तेव्हा मांडणीचे सगळे काम आपणच केलेले असते, मुलांनी फक्त गाळलेल्या जागा भरायच्या असतात. मुद्दे दिले नाहीत, तर ते काम त्यांच्यावर येऊन पडते, परंतु ते कसे करतात हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. त्यामुळे मांडणी ही डोळ्यांना दिसणारी आणि हाताने करता येणारी क्रिया झाली पाहिजे. मी सेवेत असताना त्यासाठी चिठ्ठ्या वापरत असे. जुन्या दिनदर्शिकांची पाने कापून मूठभर चिठ्ठ्या करायच्या आणि एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची. एका मुलाच्या २०-२५ चिठ्ठ्या सहज होतात. मग बाके बाजूला सारून, जमिनीवर चिठ्ठ्या पसरून, कोणती चिठ्ठी कोणाच्या शेजारी बसते ते जोडीदाराशी बोलून ठरवायचे.

इथे एक नियम मी कटाक्षाने पाळला आणि सगळा फरक त्याने पडतो, असे माझे ठाम मत आहे. चिठ्ठ्यांचा गठ्ठा झाला की त्याला नाव द्यायचे, पण ते नाव एका शब्दाचे चालणार नाही, पूर्ण वाक्यच हवे. आपल्या उदाहरणात 'इंधन' हे नाव मी स्वीकारणार नाही, कारण त्या शब्दाखाली काहीही कोंबता येते. 'गुऱ्हाळाला लागणारे जळण उसातूनच मिळते' हे वाक्य मात्र चालेल. हे वाक्य झाले की चिपाडाची चिठ्ठी त्याखाली आपोआप येते आणि काहिलीच्या आकाराची चिठ्ठी आपोआप बाहेर राहते. त्या वाक्यातूनच पुढे परिच्छेद तयार होतो.

आमच्या जिल्ह्यात लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. अठराव्या शतकातले, दगडात बांधलेले, फार देखणे काम आहे. एका वर्षी आठवीचा वर्ग तिथे नेला होता. मुलांच्या चिठ्ठ्यांवर 'विहीर अष्टकोनी आहे', 'आत महाल आहे', 'वर मोटा चालवण्यासाठी जागा आहेत', 'आमराईला पाणी देत होते' अशी सरमिसळ होती. गठ्ठे करताना एक मुलगा महालाची चिठ्ठी हातात धरून बराच वेळ बसला होता. ती त्याला कुठेच बसवता येत नव्हती. शेवटी त्याने विचारले, 'गुरुजी, पाण्यासाठीच विहीर बांधली, तर मग आत महाल कशाला?' मी उत्तर दिले नाही. तोच प्रश्न त्याला कागदावर सगळ्यांत वर लिहायला सांगितला. मग उन्हाळ्यातला गारवा, पाण्याच्या पातळीकडे उतरणारा जिना, भिंतींची जाडी, मोटांचा आवाज, अशा एकेक चिठ्ठ्या त्याने त्या प्रश्नाखाली लावल्या आणि विहिरीची लांबी-रुंदी त्याने आपण होऊन वगळली. त्या निबंधाला प्रस्तावना अशी नव्हतीच. पहिल्याच वाक्यात तो प्रश्न होता.

उरलेल्या चिठ्ठ्या टाकून द्यायला मुलांना जिवावर येते. त्यांच्यासाठी एक लिफाफा करून द्यावा आणि 'या चिठ्ठ्या दुसऱ्या लेखासाठी' असे सांगावे. मग ती मोकळ्या मनाने वगळू लागतात.

उत्तर : एका जिल्हा दैनिकाच्या रविवार पुरवणीचे संपादन करणारा

गुरुजींच्या चिठ्ठ्यांच्या पद्धतीला मी मनापासून दुजोरा देतो आणि त्यापुढची पायरी सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या लेखांपैकी बरेच लेख याच एका कारणासाठी परत करावे लागतात. लेखकाने कष्टाने माहिती जमवलेली असते, पण ती ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने लिहून काढलेली असते. आपल्या विद्यार्थ्याने 'आम्ही नऊ वाजता पोहोचलो' असे लिहिले, ते त्यामुळेच. तो स्वतःच्या दिवसाचा क्रम सांगतो आहे, तर वाचकाला गुळाचा क्रम हवा आहे.

क्रम हा प्रश्नावर अवलंबून असतो, हे मुलांना दाखवायचे असेल तर त्याच चिठ्ठ्यांवर दोन वेगवेगळे प्रश्न ठेवून पाहावे. समजा, पहिला प्रश्न 'पाक तयार झाला हे गुळव्याला कसे कळते?' असा आहे. आता लेख कामाच्या क्रमाने जाईल. तोडलेला ऊस लवकर गाळावा लागतो, कारण तो पडून राहिला की त्यातल्या साखरेचे विघटन सुरू होते आणि गूळ नीट बसत नाही. रस काहिलीत तापू लागला की भेंडीचा चिकट रस घालतात, त्याने मळी, म्हणजे रसातला गाळ, वर येते आणि ती काढून टाकतात. पाक आटत आटत ११८ अंश सेल्सियसच्या आसपास येतो, तेव्हा गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून पाहतो. ती गोळी मनासारखी झाली की काहिल उतरवायची आणि पाक वाफ्यात, म्हणजे तो गार करण्याच्या उथळ जागेत, ओतायचा. या लेखात २०१४ च्या मानांकनाला जागा नाही आणि लोहालाही नाही. भेंडी आणि गोळी यांना मात्र पूर्ण परिच्छेद द्यावा लागेल.

दुसरा प्रश्न असा घ्या : 'साखर कारखाने जवळ असताना लोक अजून गुऱ्हाळ का चालवतात?' आता काहिलीचे तपशील मागे पडतील. कारखान्याला ऊस घातला तर काय मिळते, गूळ केला तर मजुरी किती जाते, गुळव्यासारखा जाणता माणूस मिळतो का, ३० किलोच्या रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, बाजार समितीत भाव कसा ठरतो आणि नावाला मानांकन मिळाल्याचा शेतकऱ्याला उपयोग होतो का, या चिठ्ठ्या पुढे येतील आणि लेख कारणांच्या क्रमाने जाईल. मघाशी बाहेर राहिलेली मानांकनाची चिठ्ठी इथे महत्त्वाची झाली. एकाच तासात हे दोन्ही आराखडे शेजारी शेजारी फळ्यावर मुलांकडून करून घेतले, तर आराखडा विषयावरून ठरत नाही, आपण काय विचारतो यावरून ठरतो, ही गोष्ट व्याख्या न देता त्यांच्या लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. 'त्यामुळे', 'मात्र', 'याउलट', 'तरीही' हे शब्द मुलांना पाठ करायला देऊन ते निबंधात पेरायला सांगतात, ही प्रथा मला अयोग्य वाटते. गठ्ठ्यांच्या वाक्यांमध्ये खरोखरच कारण किंवा विरोध असेल तर जोडशब्द आपसूक येतो. तो येत नसेल, तर दुरुस्ती आराखड्यात करायला हवी.

'भारत हा कृषिप्रधान देश आहे' या वाक्याविषयी वेगळे लिहीत नाही. मुलाला आपला पहिला परिच्छेद हाताने झाकून उरलेला निबंध मोठ्याने वाचायला सांगावा. काही अडले नाही, तर तो परिच्छेद नको होता.

उत्तर : अध्यापक महाविद्यालयात भाषाशिक्षण शिकवणारी

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु एका मुद्द्यावर मी थोडी वेगळी बाजू मांडू इच्छिते. या चर्चेत असे गृहीत धरलेले दिसते की, आधी आराखडा पूर्ण करायचा आणि मगच लिहायला घ्यायचे. अमेरिकेतील लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लोकांना लिहिताना मनातले विचार मोठ्याने बोलायला लावून लेखनप्रक्रियेचा अभ्यास केला आणि १९८१ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. योजना करणे, शब्दांत उतरवणे आणि तपासणे ही कामे एकापाठोपाठ एक होत नाहीत, लिहिणारा त्यांच्यात सारखा पुढे-मागे जात असतो, असे त्यांनी दाखवले. वर्गातही हेच दिसते. काही मुलांना चिठ्ठ्या मांडताना काहीच सुचत नाही आणि लिहू लागल्यावर दुसऱ्या पानावर आपल्याला काय म्हणायचे आहे ते सापडते. अशा मुलांना आराखडा झाल्याशिवाय पेन उचलायचे नाही असा नियम लावला, तर ती शिक्षकांना खूश करण्यासाठी खोटा आराखडा करतात. निबंध लिहून झाल्यावर मागाहून आराखडा काढणारी मुले मी अनेक शाळांत पाहिली आहेत आणि त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही.

उलट, मागाहून आराखडा काढणे हीच एक चांगली पद्धत म्हणून शिकवावी, असे मी सुचवेन. मुलाने कच्चा मसुदा लिहावा. नंतर समासात प्रत्येक परिच्छेदासमोर 'या परिच्छेदात मी काय सांगितले?' याचे उत्तर एका वाक्यात लिहावे. शेवटी मजकूर झाकून फक्त समासातली वाक्ये वरून खाली वाचावीत. दोन ठिकाणी तेच वाक्य आले असेल, एखाद्या परिच्छेदाचे वाक्य करताच येत नसेल किंवा तिसरे वाक्य पहिल्याच्या आधी हवे असेल, तर ते मुलाला स्वतःलाच दिसते. शिक्षकाला लाल पेनाने 'मांडणी विस्कळीत' असा शेरा मारावा लागत नाही. त्या शेऱ्याने आजपर्यंत कोणाला मांडणी शिकता आली असेल, असे मला वाटत नाही.

आपल्या विद्यार्थ्याच्या लेखनाबद्दल मला काळजी वाटत नाही. बेरायटर आणि स्कार्डामालिया या कॅनडातील संशोधकांनी नवशिक्या लेखकाचे जे वर्णन केले आहे, ते याला तंतोतंत लागू पडते. विषय ऐकताच जे आठवते ते एकेक करून कागदावर उतरवायचे आणि आठवणे थांबले की लेखन संपवायचे, ही त्या टप्प्याची खूण आहे. लिहिताना स्वतःच्या माहितीला प्रश्न विचारणे आणि ती बदलणे ही पुढची पायरी आहे आणि तिच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून एका निबंधावर दोन आठवडे घालवायला लागले तरी चालतील, पण वर्षात १५ निबंध उरकू नयेत.

मुलांना लिहिण्यापूर्वी एकदा बोलू द्यावे, हेही आवर्जून सांगते. 'गुऱ्हाळ न पाहिलेल्या तुझ्या मुंबईच्या मावसभावाला दोन मिनिटांत सांग' असे म्हटले की मूल नऊ वाजल्यापासून सुरुवात करत नाही. समोरचा ऐकणारा कुठे कंटाळतो आणि कुठे 'मग?' म्हणतो, त्यावरून क्रम ठरत जातो.

उत्तर : दहावीला शिकवणारा शिक्षक, नांदेड जिल्हा

परीक्षेबद्दल विचारले आहे म्हणून तेवढेच सांगतो. दहावीच्या मराठी (कुमारभारती) विषयाच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत निबंधाला ८ गुण असतात. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यांपैकी एक लिहायचा असतो. तिथे चिठ्ठ्यांना वेळ नसतो, हे खरे आहे. तरीही मी मुलांना उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर 'कच्चे काम' असे लिहून पाच मिनिटे काढायला सांगतो. त्या पाच मिनिटांत एक प्रश्न आणि तीन पूर्ण वाक्ये लिहायची, त्यापेक्षा जास्त नाही. निबंध झाल्यावर त्यावर तिरकी रेघ मारायची.

वर्षभर चिठ्ठ्यांनी सराव झालेल्या मुलांना ही तीन वाक्ये झटकन सुचतात. जी मुले गाईडमधला निबंध पाठ करून येतात, त्यांना विषय थोडा फिरवून आला की पहिली दहा मिनिटे घाम फुटतो. सर्वसाधारण मुलांच्या पालकांनाही मी हेच सांगतो, कारण पाठांतराचा आग्रह बहुधा घरूनच असतो.

मूळ प्रश्न विचारणारी शिक्षिका : तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. मी आपल्या सूचना थोड्या एकत्र करून वापरल्या. पहिल्या तासाला चिठ्ठ्या केल्या. दुसऱ्या तासाला दोन प्रश्नांचे दोन आराखडे फळ्यावर झाले. ज्यांना चिठ्ठ्या रुचल्या नाहीत अशा नऊ जणांना आधी लिहू दिले आणि समासात वाक्ये काढायला लावली. एका शब्दाचे नाव चालणार नाही, हा नियम मुलांना सर्वांत जड गेला. 'गुळाचे महत्त्व' हे नाव सोडायला कोणी तयार होईना. 'महत्त्व कोणाला आणि का?' असे तीन-चार वेळा विचारल्यावर एका मुलीने 'आमच्या घरी दिवाळीआधी पैसे गुळाचेच येतात' असे वाक्य लिहिले आणि मग वर्गाला रस्ता सापडला.

सगळेच निबंध सुधारले असे नाही. काहींनी चिठ्ठ्या नीट लावल्या आणि लिहिताना पुन्हा 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' यानेच सुरुवात केली. त्यांच्यासाठी मी पहिला परिच्छेद हाताने झाकण्याची युक्ती वापरणार आहे. एका विद्यार्थिनीचा आराखडा उत्तम झाला, पण लेख त्यापेक्षा कोरडा झाला. तिथे काय करावे, हे मला अजून समजलेले नाही. बहुधा तिला आधी तोंडी सांगायला लावायला हवे होते.

ज्याचा मजकूर मी सुरुवातीला दिला होता, त्याने 'पाक झाला हे गुळव्याला कसे कळते?' हा प्रश्न निवडला. त्याच्या नव्या मसुद्याची सुरुवात अशी आहे : 'गुळव्याकाकांच्या हातात तापमापक नव्हता. पाण्याने भरलेली एक वाटी होती.' पुढे भेंडी, मळी, आच आणि गोळी असा क्रम त्याने स्वतः लावला आहे. लोह आणि मानांकन लिफाफ्यात गेले. मालकांनी दिलेला रसही लिफाफ्यात गेला, त्याबद्दल त्याला थोडे वाईट वाटले.

परवा तास संपल्यावर तो चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे आला. गोळीची चिठ्ठी आणि काहिल उतरवण्याची चिठ्ठी या दोहोंच्या मध्ये त्याने एक कोरी चिठ्ठी ठेवली होती. गोळी कशी झाली म्हणजे बरोबर आणि कशी झाली म्हणजे उशीर झाला, हे त्या दिवशी आपण विचारलेच नाही, असे तो म्हणाला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तो आणि त्याचा मित्र सायकलने पुन्हा गुऱ्हाळावर जाणार आहेत. मालकांना मी फोन करून ठेवला आहे.